गजकर्णाचे कूळ आणि मूळ

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. "डॉक्टर, रक्त बिघडल्याने गजकर्ण होते का? मलम लावले की जाते आणि सोडले की पुन्हा उठते. आता घरातल्या चौघांना झाले आहे. कायमचा उपाय सांगावा." यंदा अशी पत्रे अधिक आहेत. दवाखान्यातही मांडी, कंबर, काख खाजवीत येणारे दोन-चार रुग्ण रोज असतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गजकर्ण हा आमच्या लेखी किरकोळ आजार होता. तीन-चार आठवडे मलम लावले की विषय संपायचा. आज तोच आजार महिनोन् महिने चालतो, घरभर फिरतो आणि औषधाला दाद देत नाही. असे का झाले, हे समजायचे तर ज्या बुरशीमुळे हा आजार होतो तिची कुळकथा थोडी माहीत हवी. म्हणून आज ती सांगतो. मधला काही भाग शाळेतल्या जीवशास्त्राच्या तासासारखा वाटेल, पण तो वगळून पुढे जाऊ नये, कारण उपाय त्याच भागात दडलेला आहे.

रक्ताचा मुद्दा आधी निकालात काढू. गजकर्णाचा आणि रक्त बिघडण्याचा काही संबंध नाही. रक्तशुद्धीच्या बाटल्या पिऊन ते जात नाही आणि वांगी, आंबट, मासे सोडूनही जात नाही. इंग्रजीत या आजाराला 'रिंगवर्म' म्हणतात, त्यामुळे काही शिकलेली मंडळी जंताच्या गोळ्या मागतात. यात वर्तुळ आहे, पण जंत नाही. असते ती बुरशी, म्हणजे कवक.

बुरशी ही धड वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. तिचे स्वतंत्र राज्यच शास्त्रज्ञांनी मानले आहे. झाडाप्रमाणे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. दुसऱ्याच्या, बहुधा मेलेल्या, पदार्थावर ती जगते. शिळ्या भाकरीवरचा हिरवट थर, ओल्या भिंतीवरचे काळे डाग, पावसाळ्यात उगवणारी छत्री, पाव फुगवणारे यीस्ट आणि ज्यापासून पेनिसिलीन मिळाले तीही, सगळी याच राज्यातली प्रजा. आजवर वर्णन झालेल्या जाती लाखावर आहेत. त्यांतल्या फार थोड्या माणसाला त्रास देतात.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी' म्हणून जो म्युकरमायकोसिस आला, त्याने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. तेव्हापासून 'तुम्हाला बुरशी झाली आहे' असे म्हटले की रुग्णाचा चेहरा उतरतो. ती बुरशी वेगळ्या कुळातली. तिचे आणि गजकर्णाच्या बुरशीचे नाते आंबा आणि गवत यांच्याइतकेच दूरचे. छाती-पाठीवर पांढुरके ठिपके उठतात त्या शिब्यांची बुरशीही वेगळी. मधुमेही माणसाच्या जांघेत किंवा लहान बाळाच्या तोंडात होणारा कॅन्डिडा हाही निराळाच. सरसकट सगळ्याला 'फंगल इन्फेक्शन' म्हणून एकच ट्यूब लावणे चुकीचे आहे ते याचसाठी.

गजकर्णाच्या बुरशीच्या कुळाचे शास्त्रीय नाव आर्थ्रोडर्माटेसी. नाव जड आहे, पण एकदाच वाचायचे आहे. वैद्यकाच्या पुस्तकात यांना डर्मॅटोफाइट, म्हणजे त्वचेवर वाढणाऱ्या, असे म्हणतात. या कुळाची खरी ओळख म्हणजे त्याचे जेवण. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर, केस आणि नखे ज्या चिवट प्रथिनाची बनलेली असतात त्याला केराटिन म्हणतात. शिंगे, खूर, पिसे, लोकर हीही त्याचीच. केराटिन पचवणे सोपे नाही. मांजराने उंदीर खाल्ला तर केस जसेच्या तसे बाहेर पडतात. जमिनीत पुरलेले केस वर्षानुवर्षे टिकतात. केराटिनच्या रेणूंत गंधकाचे पक्के टाके असतात. हे टाके उसवायचे आणि मग खास पाचक रसांनी त्याचे तुकडे करायचे, ही विद्या या कुळाला अवगत आहे. निसर्गात हे काम उपयोगाचेच आहे. मेलेल्या जनावरांचे केस, पक्ष्यांची पिसे जमिनीत कुजतात, त्यात अशा बुरश्यांचा वाटा आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ही बुरशी आपल्या त्वचेच्या मेलेल्या थरात राहते, जिवंत मांसात शिरत नाही. शरीराच्या आतली उष्णता तिला फारशी मानवत नाही आणि रक्तद्रवात तिला लागणारे लोह मोकळे मिळत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती अगदीच ढासळलेली असेल तर क्वचित अपवाद घडतो. एरवी गजकर्णाने माणूस मरत नाही, झोप मात्र जाते.

वर्तुळ का उठते, हेही यातच आहे. बुरशी एका ठिकाणी पडते आणि तंतूंनी चारी बाजूंना पसरते. शरीर तिला ओळखते आणि त्या जागी लाली, सूज, खाज सुरू होते. त्वचेचे थर भराभर सुटू लागतात. मध्यभाग साफ होतो आणि बुरशी कडेने पुढे सरकते. म्हणून कड लाल, उंच, पापुद्र्यांची आणि मध्य बराचसा स्वच्छ. ती खाज आणि ती लाली म्हणजे बुरशीला हुसकून लावण्याचा शरीराचा प्रयत्न असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तीन वाड्यांचे कूळ

सूक्ष्मजंतूंमुळे माणसाला रोग होतात हे पाश्चर आणि कॉक यांनी जगाला पटवून दिले. पण त्यांच्या आधी, १८४०च्या सुमारास, डोक्यातल्या खवड्यांच्या मुळाशी बुरशी आहे हे दोघांनी दाखवले होते. एक बर्लिनचे रॉबर्ट रेमाक आणि दुसरे पॅरिसमध्ये काम करणारे डेव्हिड ग्रुबी. रेमाक यांनी तर खवड्याची खपली स्वतःच्या हातावर बांधून रोग लागतो हे सिद्ध केले. ग्रुबींनी १८४३ साली मायक्रोस्पोरम हे नाव दिले आणि १८४५ साली स्वीडनच्या माल्मस्टेन यांनी ट्रायकोफायटॉन हे. पुढे फ्रान्सचे रेमों साबुरो यांनी सारे आयुष्य या बुरश्यांमागे घालवले आणि १९१० साली त्यांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. बुरशी वाढवायचे त्यांच्या नावाचे माध्यम आजही प्रयोगशाळांत वापरतात.

साबुरोंनंतर मात्र गोंधळ झाला. प्रत्येक संशोधक नवी जात सांगू लागला. एकाच बुरशीला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे पडली. अमेरिकेच्या चेस्टर एमन्स यांनी १९३४ साली या पसाऱ्याला शिस्त लावली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू कसे दिसतात एवढ्यावरच त्यांनी तीन प्रजाती ठेवल्या. आम्ही १९८०-९०च्या दशकात वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो ते हेच तीन वाडे.

पहिली ट्रायकोफायटॉन. तिचे मोठे बीजाणू लांबट, गुळगुळीत आणि पातळ भिंतीचे असतात, पण ते क्वचितच सापडतात. लहान बीजाणू मात्र द्राक्षाच्या घडासारखे भरपूर असतात. ही त्वचा, केस आणि नखे तिन्ही धरते. दुसरी मायक्रोस्पोरम. मोठे बीजाणू चातीसारखे, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते, भिंत जाड आणि खडबडीत. ही त्वचा आणि केस धरते, नखांच्या वाटेला सहसा जात नाही. तिसरी एपिडर्मोफायटॉन. बीजाणू गदेसारखे, दोन-तीन एकत्र, आणि लहान बीजाणू अजिबात नाहीत. ही त्वचा आणि नखे धरते, केसाला हात लावत नाही. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता, त्यामुळे तो आजही पाठ आहे.

या भेदाचा दवाखान्यात उपयोग होतो. शाळकरी मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला, पापुद्रे धरलेला गोल चट्टा दिसला तर तिथे एपिडर्मोफायटॉन नाही हे नक्की. मायक्रोस्पोरमच्या काही जातींनी धरलेला केस अंधाऱ्या खोलीत वुडच्या दिव्याखाली हिरवट चमकतो. ट्रायकोफायटॉनने धरलेला बहुतेक वेळा चमकत नाही. चट्टा अगदी गुळगुळीत असेल, पापुद्रा नाही, तुटके केस नाहीत, तर ती चाई. चाई हा बुरशीचा आजार नाही आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. अशा मुलाला शाळेत वेगळे बसवू नये.

डोक्यातल्या बुरशीला मलम पुरत नाही, कारण ती केसाच्या मुळाशी उतरलेली असते. पोटात औषध द्यावेच लागते. हे औषध येण्यापूर्वी काय करीत, ते ऐकून अंगावर काटा येतो. मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून सगळे केस गाळून टाकीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांत हे सर्रास चाले. इस्रायलमध्ये अशा उपचारांतून गेलेल्या मुलांची पुढे पाहणी झाली. त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आहे हे १९७४ साली प्रसिद्ध झाले. सुदैवाने तोवर ग्रिझिओफुल्विन हे औषध आले होते. ते १९३९ साली एका बुरशीतूनच वेगळे केले होते, पण गजकर्णावर तोंडाने देता येते हे कळायला १९५८ उजाडले. आज कितीतरी चांगली औषधे हाताशी आहेत आणि तरी आपण ती वाया घालवीत आहोत. त्याकडे येतोच.

माती, जनावर, माणूस

बीजाणूंच्या आकारापेक्षा मला उपयोगी वाटते ती दुसरी वाटणी: बुरशीचे घर कुठे आहे? या कुळातल्या काही जाती मातीत राहतात, काही जनावरांवर आणि काहींनी फक्त माणसाला धरले आहे.

मातीतल्या बुरश्या गळलेल्या केसांवर आणि पिसांवर जगतात. त्या शोधायची युक्ती मजेशीर आहे. बशीत ओली माती घ्यायची, वर निर्जंतुक केलेले घोड्याचे केस पसरायचे आणि थांबायचे. काही आठवड्यांत केसांवर बुरशी चढते. बेल्जियमच्या व्हानब्रोजेम यांनी १९५२ साली ही पद्धत रूढ केली. नॅनिझिया जिप्सिया ही अशी एक जात. बागकाम करणाऱ्याला किंवा मातीत खेळणाऱ्या मुलाला ती कधी कधी लागते. एखाद-दुसरा चट्टा, पण चांगलाच लाल. एकाकडून दुसऱ्याला ती फारशी जात नाही.

या नॅनिझियाच्या नावामागे एक गोष्ट आहे. इटलीच्या सिएना गावचे नॅनिझी यांनी १९२७च्या सुमारास सांगितले की या बुरशीत नर-मादीसारखे मीलन होते. कोणी विश्वास ठेवला नाही. तेहेतीस वर्षांनी, १९६०-६१ साली, ऑस्ट्रेलियात ग्रिफिन आणि इंग्लंडमध्ये फिलिस स्टॉकडेल यांनी तेच पाहिले आणि प्रजातीला नॅनिझींचे नाव दिले गेले. माणसावर राहणाऱ्या जातींत मात्र असे मीलन जवळजवळ आढळत नाही. माती सोडून माणसाच्या कातडीवर आल्या आणि लग्नकार्य बंद झाले, असे म्हणा हवे तर.

जनावरांवरच्या बुरश्या आपल्या भागात महत्त्वाच्या आहेत, कारण घरोघरी गुरे आहेत. वासराच्या डोळ्याभोवती, मानेवर राखाडी, जाड खपल्यांचे गोल चट्टे दिसतात. ती बहुधा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोझम. धारा काढणाऱ्याच्या हातावर, वासराला कवटाळणाऱ्या मुलाच्या मानेवर ती येते. मायक्रोस्पोरम कॅनिस हिच्या नावात कुत्रा आहे, पण तिचे खरे माहेर मांजर. मांजराच्या अंगावर बरेचदा काही दिसतही नाही. घरात मांजराचे पिल्लू आले आणि महिन्याभरात मुलाच्या डोक्यावर चट्टा उठला, तर दोन गोष्टींची सांगड घालावी. सोव्हिएत रशियात गुरांसाठी या आजारावर लस तयार झाली आणि नॉर्वेने ती नेटाने वापरून गाईंमधला हा आजार जवळजवळ संपवला.

जनावराकडून आलेले गजकर्ण माणसाच्या अंगावर फार पेटते. सूज, पू, कधी डोक्यावर मऊ गळूसारखी गाठ. ती गळू समजून कापायला धावू नये. कापून काही निघत नाही, व्रण मात्र राहतो. पोटातल्या औषधाने ती बसते. असे गजकर्ण पेटते खरे, पण बरे झाले की सहसा लवकर आणि पुरते बरे होते, कारण शरीराने परका ओळखलेला असतो.

माणसाला धरून राहिलेल्या जाती याच्या उलट. ट्रायकोफायटॉन रुब्रम ही त्यांतली सर्वांत यशस्वी. कोलंबोत काम करणाऱ्या कास्टेलानी यांनी १९१० साली तिचे वर्णन केले. प्रयोगशाळेत वाढवली की बशीच्या खालच्या बाजूने द्राक्षाच्या दारूसारखा लाल रंग दिसतो, म्हणून 'रुब्रम'. विसाव्या शतकात सैनिक आणि प्रवासी यांच्याबरोबर ती जगभर गेली असे मानतात. दोन्ही तळपाय आणि एकच हात कोरडा, पिठूळ झालेला असला की आम्ही हिचा संशय घेतो. रुग्णाला ते सोरायसिस किंवा साबणाची ॲलर्जी वाटते. ही बुरशी मोठा गाजावाजा करीत नाही. यजमानाला राग येणार नाही इतपतच त्रास द्यायचा आणि वर्षानुवर्षे मुक्काम ठोकायचा, ही तिची रीत.

थोडक्यात, शरीर जितके चवताळते तितकी बुरशी लवकर जाते. शरीर जितके गप्प बसते तितकी ती टिकते.

आता बिघडले कुठे?

खाज आणि लाली हा शरीराचा प्रतिकार आहे, असे वर म्हटले. तो प्रतिकार गप्प करणारे औषध लावले तर काय होईल? खाज थांबेल. लाली ओसरेल. रुग्ण म्हणेल, दोन दिवसांत गुण आला. आणि बुरशीला जे हवे ते आयतेच मिळेल.

स्टेरॉइड असलेली मलमे नेमके हेच करतात. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावे ट्यूबवर बारीक अक्षरात असतात. मेडिकल दुकानात 'खाजेची ट्यूब द्या' म्हटले की पुष्कळदा जी हातात पडते, तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध, कधी जुलाबावरचेही औषध अशी चार-पाच द्रव्यांची भेळ असते. त्यातले स्टेरॉइड दोन दिवसांत गुण दाखवते. बुरशीचे औषध मात्र आपले काम पुरे करण्याआधीच रुग्ण ट्यूब बंद करतो. आठ दिवसांनी चट्टा परत. पुन्हा तीच ट्यूब. १९६८ साली इंग्लंडमधल्या आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाला 'टिनिया इन्कॉग्निटो' असे नाव दिले होते. तेव्हा ते दुर्मिळ म्हणून छापण्याजोगे होते. आज रोज दिसते. कड पुसट, वर्तुळात वर्तुळ, मध्येच पुळ्या. मांडीच्या आत आणि काखेत कातडी इतकी पातळ होते की कायमचे पट्टे पडतात. ते कोणत्याही औषधाने जात नाहीत. गोरेपणासाठी हीच मलमे चेहऱ्याला लावणाऱ्या मुलींची कथा वेगळीच आहे, ती पुन्हा केव्हातरी.

स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक मलमांना अनुसूची 'एच'मध्ये आणले. कायदा झाला. दुकानाच्या फळीवरून ट्यूब हलली नाही. दोष एकट्या मेडिकलवाल्याचा नाही. चिठ्ठीवर हीच भेळ लिहून देणारे आमचे व्यवसायबंधूही आहेत आणि शेजाऱ्याची अर्धी राहिलेली ट्यूब मागून आणणारे वाचकही आहेत.

याच काळात कुळात एक नवी शाखा पुढे आली. पूर्वी भारतात रुब्रम सर्वांत जास्त सापडे. गेल्या दशकभरात तिला मागे टाकून ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफाइट्सच्या गोतावळ्यातली एक बुरशी देशभर पसरली. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाकडून मिळालेल्या नमुन्यांवरून २०२० साली तिला वेगळी जात ठरवले आणि ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. तिचे नातेवाईक जनावरांवर राहणारे, म्हणून ती चांगलीच पेटते. पण पसरते मात्र माणसाकडून माणसाकडे. दोन्ही शाखांचे दुर्गुण तिने उचलले आहेत. मांडी, कंबर, कुल्ले, कधी चेहराही, एकाच वेळी मोठे भाग ती व्यापते. २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्कला तिचे पहिले दोन रुग्ण जाहीर झाले. त्यांतली एक बाई बांगलादेशात जाऊन आलेली होती, दुसरी कुठेच गेलेली नव्हती.

नावात 'इंडो' आल्याने आपल्याकडच्या काही त्वचारोगतज्ज्ञांनी नाराजी व्यक्त केली. ही वेगळी जात मानावी की नाही यावरही वाद आहे. मला नावापेक्षा तिचा गुण अधिक चिंतेचा वाटतो. टर्बिनाफीन हे गजकर्णावरचे आमचे हुकमी औषध. बुरशीच्या पेशीचे आवरण बनायला जे द्रव्य लागते, ते तयार करणारे एक विकर हे औषध बंद पाडते. इंडोटिनीच्या अनेक नमुन्यांत त्या विकराच्या जनुकात बदल झालेला आहे. औषध चिकटायची जागाच बदलली. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली कितीही जोरात फिरवली तरी काय उपयोग? म्हणून मनानेच गोळ्या दुप्पट करू नयेत. अशा वेळी इट्राकोनाझोल हे वेगळ्या ठिकाणी काम करणारे औषध वापरतात, तेही पुरेसे दिवस. काही नमुने त्यालाही दाद देईनासे झाले आहेत.

या सगळ्यामुळे कुळाची वंशावळही नव्याने लिहावी लागली. एमन्सचे तीन वाडे आता पुरत नाहीत. २०१७ साली नेदरलँड्सचे दे होख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे सात प्रजाती मांडल्या: ट्रायकोफायटॉन, एपिडर्मोफायटॉन, मायक्रोस्पोरम, नॅनिझिया, लोफोफायटॉन, पॅराफायटॉन आणि आर्थ्रोडर्मा. मातीत राहणाऱ्या बऱ्याचशा आर्थ्रोडर्मात गेल्या, माणसाला धरणाऱ्या मुख्यतः ट्रायकोफायटॉनमध्ये राहिल्या. म्हणजे दिसण्यावरून केलेली वाटणी मागे पडली, पण घरावरून केलेली वाटणी बऱ्याच अंशी खरी ठरली.

मग करायचे काय?

पहिले म्हणजे घरातली ट्यूब बघा. वर लिहिलेल्या तिघांपैकी एखादे नाव असेल तर ती गजकर्णावर लावू नका. फार दिवस लावलेली असेल तर सोडल्यावर आठ-दहा दिवस लाली आणि खाज वाढते. घाबरून पुन्हा तीच लावू नये. त्या दिवसांसाठी खाजेची गोळी देता येते, डॉक्टरांना तसे सांगा.

साधे बुरशीचे मलम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावावे, कारण बुरशी कडेच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे. आमच्या आजोबांच्या वेळचे व्हिटफिल्डचे मलम, म्हणजे बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक आम्ल, पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत होते. स्वस्त आहे, पण जांघेत झोंबते. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात ते गजकर्णावर चोळायच्या रिवाजावरूनच. थोड्या चट्ट्याला कोणी पाला चोळला तर मी भांडत नाही. पण लसूण, रॉकेल, बॅटरीचे पाणी लावून भाजून घेतलेली कातडी घेऊन येऊ नका.

पत्रलेखकाच्या घरी चौघांना झाले आहे. तिथे चौघांचेही उपचार एकाच दिवशी सुरू व्हायला हवेत. एकाने बरे व्हायचे, मग दुसऱ्याने सुरू करायचे, तर बुरशी घरातच खो-खो खेळते. टॉवेल, चादर, आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे. गळलेल्या पापुद्र्यांत बुरशी महिनोन् महिने जिवंत राहते, म्हणून कपडे कडक गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून उन्हात वाळवावेत, पावसाळ्यात इस्त्री फिरवावी. ओलसर कपडे अंगावर चढवू नयेत. कंबरेचा करगोटा आणि परकराची घट्ट नाडी यांच्याखाली ओल राहते आणि तिथेच चट्टा धरतो. करगोटा काढायला आजी नाराज होतील, तर निदान रोज धुऊन कोरडा करावा. घट्ट जीन्स पावसाळ्यात मांडीवर ठेवू नये. शेतात दिवसभर चिखलात उभे राहणाऱ्यांनी घरी आल्यावर पायाच्या बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या कराव्यात. सगळ्याच चिखल्या या कुळामुळे होत नाहीत, पण बऱ्याच होतात. गोठ्यातल्या वासराला चट्टे असतील तर पशुवैद्यकाला दाखवा, नाहीतर माणसांचे औषध संपायच्या आत ते पुन्हा लागेल.

महिनाभर नीट उपचार करूनही फरक नसेल तर कडेचे पापुद्रे खरवडून तपासून घ्यावेत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतात. अर्ध्या तासाचे काम आहे आणि फार पैसे लागत नाहीत. बुरशी वाढवून जात ओळखायला मात्र तीन-चार आठवडे लागतात. तपासणीपूर्वी काही दिवस मलम लावू नये, नाहीतर असलेली बुरशीही दिसत नाही. मोठ्या माणसात गजकर्ण वारंवार उठत असेल तर साखरही तपासावी.

पोटातली औषधे हा खेळ नव्हे. यकृताचा आजार, हृदय कमजोर असणे, गरोदरपण, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, यांतले काहीही असेल तर आधी सांगावे. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची असते आणि पित्ताच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर पित्ताची गोळी घेणारे घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

राहता राहिली नखे. बुरशी धरलेले नख जाड, पिवळट, ठिसूळ होते आणि तिथूनच पुन्हा पुन्हा अंगावर उतरते. गजकर्ण सतत उलटणाऱ्या माणसाने मोजे काढून पाय दाखवले की कारण सापडते, असे अनेकदा होते. हाताचे नख नवे यायला सहा महिने, पायाच्या अंगठ्याचे बारा ते अठरा महिने लागतात. औषध तीन महिन्यांत थांबले तरी नख दिसायला चांगले व्हायला तेवढा काळ जाणारच. जाड झालेले प्रत्येक नख बुरशीचे असतेच असे नाही, सोरायसिसमुळे आणि बुटाच्या दाबानेही तसे होते. त्यामुळे तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत. नख दाखवायला येताना बायाबापड्यांनी तेवढे नेलपॉलिश काढून यावे.